पहिली मेणबत्ती

मागच्या शुक्रवारी नाही, त्याच्या आधीच्या शुक्रवारी ऑफिसात चहाच्या टेबलावर एक गंमत झाली. आमच्या टीममधे दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आलेला एक पोरगा आहे. भयंकर हुशार. नोव्हेंबर संपत आला की त्याच्या अंगात येतं. कारण 'अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एरिक वास्टल नावाचा एक प्रोग्रामर 2015 पासून दर डिसेंबरात प्रोग्रामिंगची कोडी घालतो. 1 तारखेपासून रोज एक. 2024 पर्यंत हे 25 दिवस चालायचं, 2025 मधे बारा दिवसांवर आणलं. आपल्याकडे कोडं उघडतं सकाळी साडेदहाला, म्हणजे बरोब्बर स्टँडअप मीटिंगच्या वेळेला. त्यामुळे डिसेंबरात आमच्या स्टँडअपचं काय होतं ते विचारू नका :-)

तर तो म्हणाला, "सर, सोमवारपासून अ‍ॅडव्हेंट सुरू!"

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "सोमवारी नाही रे, रविवारी. 30 तारखेला."

"म्हणजे? अ‍ॅडव्हेंट म्हणजे ते रोज एक खिडकी उघडायची, आत चॉकलेट असतं, ते कॅलेंडर ना?"

"ते कॅलेंडर नंतर आलं. अ‍ॅडव्हेंट त्याच्या कितीतरी आधीचा. चार रविवार असतात. आज जाऊन रविवारी गावी असणार आहे मी, त्यासाठीच."

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. "सर, तुम्ही ख्रिश्चन आहात?"

"नाही रे. केळापूरचा आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगू का, ते उत्तर विनोद म्हणून दिलेलं नव्हतं. माझ्यापुरतं तेच खरं उत्तर आहे, आणि ते नीट द्यायचं तर एका शनिवार-रविवारचा लेख लागेल. म्हणून हा लेख.



केळापूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. तालुक्याचं नाव केळापूर, पण तालुक्याचा सगळा कारभार शेजारच्या पांढरकवड्यात. नागपूर-हैदराबाद हायवेवर. पूर्वी त्याला सगळे 'सात नंबर' म्हणायचे, आता तो चव्वेचाळीस झालाय. आमच्याकडे जगदंबेचं जुनं देऊळ आहे, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. जवळच टिपेश्वरचं अभयारण्य आहे, त्यातले वाघ हल्ली पेपरात येतात. आणि चहूकडे कापूस. नोव्हेंबरात बघावं तिकडे पांढरं.

आमच्या घराला लागून सिस्टर मावशीचं घर. (नाव मुद्दाम सांगत नाही, तिला आवडणार नाही.) मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आमच्या भागात उमरीचा मिशन दवाखाना कुणाला माहीत नाही असं होत नाही. यवतमाळकडे अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं मोठं कॉलेजसुद्धा 1953 साली यवतमाळातच सुरू झालं, आणि 1983 मधे पुण्याला, बिबवेवाडीला गेलं. मी पुण्यात आलो तेव्हा पहिली खोली बिबवेवाडीतच मिळाली होती. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बघ, यवतमाळचे सगळे शिकलेले तिकडेच जातात!"

मावशीचा नाताळ म्हणजे आमच्यासाठी दुसरी दिवाळी. करंज्या, चिवडा, चकल्या, सगळं तेच, फक्त दीड-दोन महिने उशिरा. दारावर कागदी चांदणी. पण त्याच्या महिनाभर आधी तिच्याकडे आणखी एक प्रकार व्हायचा. एका पितळी परातीत ती निंबाचे डहाळे गोल मांडायची आणि त्यात चार मेणबत्त्या उभ्या करायची. त्यातली एकच लावायची. पुढच्या रविवारी दोन. मग तीन. मग चार. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग एवढं, की मला वाटायचं त्यासाठीच असेल. एकदा मी म्हटलं, "मावशी, चारही लाव ना, अभ्यास करता येईल."

ती म्हणाली, "ही उजेडासाठी नाही रे. ही मोजायसाठी."

तिच्या मंडळीत खरं तर ही पद्धत नव्हती. नर्सिंग शिकत असताना होस्टेलवर तिची रूममेट वसईची कॅथलिक मुलगी होती. मराठीच बोलणारी. तिच्याकडून ही शिकली. वसईकडे या दिवसांना 'आगमनकाळ' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. लॅटिनमधल्या 'आद्व्हेन्तुस'चा अर्थही अगदी हाच, आगमन. ही मेणबत्त्यांची रीत मुळात जर्मनीची. 1839 साली हॅम्बर्गमधे योहान हिनरिश विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारून भंडावून सोडायची, नाताळ आला का, नाताळ आला का. शेवटी त्यांनी बैलगाडीसारख्या गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या बसवल्या, आणि रोज एक लावायला सुरुवात केली. म्हणजे चक्क प्रोग्रेस बार! आमच्या धंद्यातली ही वस्तू एका पाद्र्याने 1839 मधेच बनवली होती.

आता थोडं गणित, कारण सवय जात नाही. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजत मागे यायचं, चौथा येईल तो आगमनाचा पहिला रविवार. नाताळ रविवारीच आला तर तो मोजायचा नाही. त्यामुळे लवकरात लवकर 27 नोव्हेंबर आणि उशिरात उशिरा 3 डिसेंबर. म्हणजे आगमनकाळ कमीत कमी 22 दिवसांचा आणि जास्तीत जास्त 28 दिवसांचा. चर्चचं नवं वर्षही याच रविवारी सुरू होतं, 1 जानेवारीला नाही. वर्षाची सुरुवात सणाने नाही, वाट बघण्याने. हे मला लहानपणी विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.



2005 साली नाताळ रविवारी होता. म्हणजे आगमनाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबरला. सगळ्यात लांबचा, 28 दिवसांचा आगमनकाळ. मी बारावीला होतो.

त्या वर्षीचं विदर्भातलं वातावरण तुमच्यापैकी काहींनी पेपरात वाचलं असेल. आम्ही ते घरात पाहिलं. बीटी कापसाला 2002 मधे परवानगी मिळाली होती, बियाणं महाग, फवारणी महाग, आणि भाव पडलेला. बाबांनी कृषी केंद्रातून उधारीवर सगळं आणलेलं. आमच्या घरात पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता, आणि बाबा त्या कापसाला टेकून बसून राहायचे. भाव चढेल म्हणून वाट बघायची की उधारीवाला दारात यायच्या आत विकून टाकायचा? रोज सकाळी हाच विषय. मग हळूहळू विषयही बंद झाला. बाबा बोलेनासे झाले. जेवायला बसले तर भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचे.

आसपासच्या गावांतून बातम्या यायच्या. आज या गावचा कास्तकार गेला, काल त्या गावचा. आमच्या घरात त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आई फक्त रेडिओ बंद करायची.

27 तारखेला संध्याकाळी मी मावशीकडे गेलो होतो. तिने पहिली मेणबत्ती लावली, आणि एरवी चहा टाकायला उठते ती उठली नाही. म्हणाली, "तुझे बाबा कसे आहेत?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

ती म्हणाली, "मी तीस वर्षं दवाखान्यात काढली. बरे नाहीत ते."

मग ती आमच्याकडे आली. आईशी मागच्या अंगणात पाच मिनिटं बोलली. गोठ्यात फवारणीच्या औषधाचा डबा होता, तो पिशवीत घालून स्वतःच्या घरी घेऊन गेली. मला म्हणाली, "आजपासून बापाजवळ झोपायचं. काही बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. फक्त जवळ राहायचं. आणि जागं राहायचं."

"किती दिवस?"

"ते आपल्याला कुठे माहीत असतं?"

नंतर कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की आगमनाच्या पहिल्या रविवारी चर्चमधे बाळ येशूची गोष्ट वाचत नाहीत. गोठा, मेंढपाळ, तारा यातलं काहीही नाही. वाचतात ती जागं राहण्याची शिकवण. त्यातला एक दाखला असा आहे, की मालक प्रवासाला गेलाय, घर नोकरांवर सोपवलंय, आणि दारावरच्या माणसाला सांगून गेलाय की मी संध्याकाळी येईन, मध्यरात्री येईन, की कोंबडा आरवताना येईन, ते सांगता यायचं नाही. मी आलो तेव्हा तू झोपलेला नको. मावशीने हे मला धर्म म्हणून कधीच सांगितलं नाही. तिने मला ड्युटी लावली.

आणि मी ती नीट केली नाही. हे लिहायला मला वीस वर्षं लागली.

दोन रात्री मी जागा राहिलो. बाबा कूस बदलायचे, मी डोळे मिटून घ्यायचो. तिसऱ्या रात्री मला झोप लागली. सतरा वर्षांचा पोरगा, दिवसभर कॉलेज आणि शेत, लागली झोप. जाग आली तेव्हा अजून अंधार होता आणि शेजारची खाट रिकामी.

त्या पुढची दहा मिनिटं मी सांगू शकत नाही. आधी विहिरीकडे पळालो. मग गोठ्यात. मग शेताच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत गेलो, पायात चप्पल नाही. परत येताना मावशीच्या ओसरीवर उजेड दिसला. परातीतली ती एक मेणबत्ती. तिच्याजवळ मावशी स्वेटर घालून बसलेली आणि समोर बाबा, बशीतून चहा पीत.

मावशीने माझ्याकडे बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "ये, तुझापण कप ठेवते."

मला वाटलं, बाबांना पहाटे जाग आली असेल, चहाला आले असतील. मी कुणाला काही विचारलं नाही. मावशी त्या वेळी जागी का होती, हेसुद्धा विचारलं नाही.



आता जरा आजच्याकडे येतो. आपण सगळे वाट बघण्यात अत्यंत वाईट आहोत, हे मी स्वतःवरून सांगतो. दहा मिनिटांत किराणा येतो आणि अकरावं मिनिट झालं की मी अ‍ॅप उघडून त्या स्कूटरच्या चित्राकडे बघत बसतो. प्रोग्रामिंगमधे वाट बघायच्या दोन तऱ्हा असतात. एक पोलिंग, म्हणजे दर सेकंदाला विचारत राहायचं, आलं का? आलं का? यात प्रोसेसर नुसताच तापतो, काम शून्य. दुसरी इंटरप्ट. तुम्ही तुमचं काम करत राहता, पण एक तार उघडी ठेवलेली असते. जे यायचं ते आलं की तुम्हाला कळतं आणि तुम्ही हातातलं ठेवून उठता. विखर्नच्या आश्रमातली मुलं पोलिंग करत होती. मेणबत्ती त्यांना दुसरी तऱ्हा शिकवत होती.

ख्रिस्ती लोक आगमनकाळात नेमकी कशाची वाट बघतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडायचा. येशूचा जन्म तर होऊन गेला, दोन हजार वर्षांपूर्वी. झालेल्या गोष्टीची वाट कशी बघायची? मावशीला विचारलं तेव्हा तिने सरळ उत्तर दिलं. येणं तीन प्रकारचं असतं म्हणाली. एक बेथलेहेमात झालेलं, त्याची आठवण. एक शेवटी व्हायचं आहे, त्याची आशा. आणि एक मधलं, रोजचं, "ते दार वाजवतं, आणि आपल्याला वाटतं शेजारीण साखर मागायला आली." म्हणून हे दिवस सणाचे नाहीत, तयारीचे आहेत. चर्चमधे जांभळा रंग असतो, पश्चात्तापाचा. घर झाडायचं, भांडण मिटवायचं, कुणाचं देणं असेल तर देऊन टाकायचं.

मला आपल्या वारीची आठवण येते. वारीत आपण देवाकडे चालत जातो. आगमनात देव आपल्याकडे यायला निघालाय आणि आपण दार उघडं ठेवायचं. उलटी वारी. पण मग लक्षात येतं, की आपल्याकडेही विठोबा विटेवर अठ्ठावीस युगं उभाच आहे की, भक्ताची वाट बघत! तिकडे अठ्ठावीस दिवस, इकडे अठ्ठावीस युगं. आकडा जुळला हा योगायोग, पण वाट बघणं हे प्रेमाचंच काम आहे, हे दोन्हीकडे ठाऊक होतं म्हणायचं.

मराठीत तर हे फार जुनं आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याचे दोन भाग आहेत, 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण'. येशूचं चरित्र दुसऱ्यात आहे. पहिला अख्खा भाग, हजारो ओव्या, तो यायच्या आधीचा. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिलेला एक लांबच लांब आगमनकाळच.

आणि एक आपल्या नागपूरचं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात झाली. वेगवेगळ्या सहा चर्चेस एकत्र आल्या. त्यांची बोलणी 1929 पासून चालली होती. एकेचाळीस वर्षं! मी सहज त्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघितलं. 29 नोव्हेंबर 1970, रविवार. आगमनाचा पहिला रविवार. एवढी वाट बघितल्यावर दुसरा कुठला दिवस शोभला असता?



2005 चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नाट्यमय काही झालं नाही. भाव काही चढला नाही. बाबांनी डिसेंबरात कापूस विकला, उधारी अर्धी फिटली. चौथी मेणबत्ती लागली तेव्हा बाबा परत थोडे बोलायला लागले होते, बैलांना शिव्या देण्यापुरते. जुलै 2006 मधे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच महिन्यात मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. आणि मग माझं पोलिंग सुरू झालं. दर रविवारी फोन, "बाबा, सगळं ठीक ना? जेवलात ना? पैसे पोचले ना?" तिकडून "हाव". फोन बंद. काम झालं.

यंदा 30 तारखेला मी गेलो. मावशी आता खूप थकली आहे, ऐकू कमी येतं. परात तीच. संध्याकाळी बघतो तर बाबा अंगणातून निंबाचे डहाळे तोडून घेऊन निघालेले. मी म्हटलं, "तुम्ही नेता?"

आई म्हणाली, "दरसाल तेच नेतात. वीस वर्षं झाली. तुले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. दर रविवारच्या फोनमधे हा प्रश्न कधी नव्हताच.

मावशीने काडी ओढली, हात थरथरत होता, बाबांनी परात धरली. एक मेणबत्ती लागली. आम्ही बसलो, चहा झाला. परत येताना, म्हणजे दहा पावलांचं तर अंतर, बाबा मधेच थांबले.

"त्या वर्षी तो डबा कोणाच्या घरी होता, मले मालूम होतं."

मी काही बोललो नाही.

"तू झोपला होता. मी उठलो आन सिस्टरच्या घरी गेलो. मागाले."

"डबा?"

"हाव. म्हटलं, फवारनीले पाहिजे." बाबा किंचित हसले. "नोव्हेंबरात, पहाटे चार वाजता, फवारनी! ते बाई जागीच होती. मेनबत्ती लावून बसली होती. दार उघडंच. मले म्हने, या भाऊ, तुमचीच वाट पाहून राह्यली होती. बसा, च्या मांडते."

"मग?"

"मंग काय. बसलो."

बाबा घरात गेले. मी अंगणात उभा राहिलो. मावशीच्या ओसरीवर मेणबत्ती जळत होती. वीस वर्षं मी समजत होतो की त्या रात्री मी झोपलो आणि तरी नशिबाने काही झालं नाही. नशीब वगैरे काही नव्हतं. नाइट ड्युटीवर दुसरं कुणीतरी होतं, आणि तिला माहीत होतं की पोरगा तिसऱ्या रात्री झोपणार.

असो. तुमच्या घरी, शेजारी, किंवा टीममधे कुणी बोलेनासं झालं असेल, तर उपदेश करू नका. जवळ बसा, चहा मांडा, आणि गरज वाटली तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

सोमवारी ऑफिसात आलो तेव्हा साडेदहाला त्या पोराने पहिलं कोडं सोडवलेलं होतं. मला म्हणाला, "सर, गावी कसा झाला तुमचा अ‍ॅडव्हेंट?"

मी म्हटलं, "अजून चालू आहे. आत्ताशी एकच लागली आहे."

आज दुसरी लागेल. थोड्या वेळाने फोन करतो बाबांना. आज पैशांचं विचारणार नाही. डहाळे अजून हिरवे आहेत का, ते विचारेन.